आरशामागचा राखाडी कोट

माणूस मेल्यावर कुठे जातो, या प्रश्नाचं उत्तर मानवजातीला अखेर मिळालं. तो कपाटामागे जातो.

निदान त्या शहरातले बहुतेक दिवंगत तरी कपाटामागेच सापडत होते. काही ड्रेसिंग टेबलामागे निघाले, आणि एक निवृत्त न्यायाधीश न्हाणीघरातल्या बेसिनमागे. न्यायाधीशांच्या पत्नींना ही जागा जरा खटकली होती. पण दारवाल्यांनी समजूत घातली, "माणूस जिथे एकटा बसून विचार करतो, तिथेच त्याचं दार उघडतं." बाईंचं समाधान झालं. साहेब न्हाणीघरात खरोखरच फार वेळ घेत. शिवाय बेसिनमागे ते उभे होते ते हातात काहीतरी धरून, आणि तो न्यायाचा हातोडा आहे, असं दारवाल्यांनी पहिल्याच नजरेत ओळखलं होतं.

दारवाले म्हणजे हा शोध लावणारे गृहस्थ. पंचेचाळिशीचे, पांढरा सदरा, मऊ आवाज. बोलताना हात असा पुढे करायचे की समोर दाराची कडीच असावी. बंद पडलेलं एक फर्निचरचं शोरूम त्यांनी घेतलं होतं. न खपलेल्या खुर्च्या तिथेच होत्या, त्यांवर भक्त बसत. न खपलेला एक पुरुषभर उंचीचा आरसाही कोपऱ्यात होता, त्याच्याकडे कुणी बघत नसे.

ज्याचं माणूस गेलं असेल त्याच्या घरी दारवाले एक यंत्र घेऊन जात. तिपाईवरचं ते यंत्र सावकाश गरगर फिरे, खोलीच्या कानाकोपऱ्यात लेसरचे किरण मारी आणि प्रत्येक किरण किती लांब जाऊन आपटला ते टिपून घेई. त्या कोट्यवधी टिंबांची मग हुबेहूब खोली तयार होई, कॉम्प्युटरच्या गेममध्ये असते तशी, फिरून बघता येईल अशी. डोळ्यांवर जाडजूड काळा चष्मा बांधायचा, खुर्चीत बसायचं आणि आपल्याच घरात हिंडायचं. हिंडत हिंडत आरशापाशी जायचं, आणि आरशातून पलीकडे. पलीकडे दुसरी खोली असे. तिथे गेलेलं माणूस उभं असे.

"यात माझं काही नाही," दारवाले सांगत. "मी सिद्ध नाही, साधू नाही. यंत्राचा माणूस आहे. किरण जातो, आपटतो, परत येतो. आता मला सांगा, नसलेल्या वस्तूवर किरण आपटेल का?"

"नाही," सगळा हॉल म्हणे.

"यंत्राला श्रद्धा असते का?"

"नाही."

"मग ते खोटं बोलेल कशासाठी?"

त्या रविवारी शेवटच्या रांगेत मोजणीवाली बसली होती, आणि असली यंत्रं हा तर तिचा धंदाच होता. असल्याच यंत्राने ती जुन्या इमारती मोजत असे. दारवाले, दारवाले होण्याआधी, तिच्याच ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसत आणि तिने मोजून आणलेल्या इमारतींचे गेम बनवत. त्या वेळी ते सदरा घालत नसत आणि पानभर चुका करत. आज त्यांनी तिला दुरूनच ओळखलं.

"आमच्या जुन्या सहकारी आल्यात," ते माईकवर म्हणाले. "मोजणीतल्या तज्ज्ञ. बाई, तुम्हीच सांगा. यंत्र खोटं बोलतं का?"

दोनशे माना वळल्या. "यंत्र खोटं बोलत नाही," ती उठून म्हणाली, "पण..."

'पण' टाळ्यांत बुडाला. ती खाली बसली. आपण नुकतंच प्रमाणपत्र दिलं, हे तिला बसल्यावर कळलं.

आणि खुर्चीत, काळा चष्मा बांधून, तिची थोरली बहीण बसली होती.

"चला ताई," दारवाले म्हणाले. "शिलाई मशीनच्या मागून. आता आरसा. थांबू नका. आरसा समजून थांबाल तर आरसाच मिळेल."

मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. ताईच्या घरची पुढची खोली, जिथे ती आणि तिचा नवरा तेवीस वर्षं शिवणाचं दुकान चालवत होते. आरसा जवळ आला, फुटला नाही, बाजूला सरला. पलीकडे तीच खोली होती, पण डावीची उजवी झालेली. भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे उलटे होते.

"तिथे काळ उलटा चालतो," दारवाल्यांनी खुलासा केला. दुकानाच्या पाटीवरची अक्षरंही उलटी होती. "ही तिथली लिपी." पुढच्या रांगेतले एक निवृत्त मास्तर ती वहीत उतरवून घेत होते, त्यांची बाराखडी निम्मी झाली होती.

खोलीच्या मधोमध एक आकृती उभी होती. राखाडी कोट, जोडलेले हात. चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग.

"ओळखलंत?"

दोन महिने दर रविवारी दारवाले तिला हाच प्रश्न विचारत. ताईने नेहमीसारखा गिऱ्हाइकाशी बोलताना लागायचा तो कामाचा आवाज काढला. "कोट आमच्या दुकानातला आहे. एकाच ठाणातून दोन कापले होते, ह्यांना एक, मला एक. मापही जवळपास एकच. ह्यांचा ह्यांच्या अंगावरच गेला. आणि हा पुरुषाचा आहे. बटणं बघा, उजव्या अंगाला आहेत. बायकांच्या कोटाला डावीकडे असतात." ती थांबली. "हेच आहेत."

हॉलमधून एक लांब उसासा गेला. मोजणीवालीला त्या उसाशापेक्षा दुसरंच काहीतरी टोचत होतं. आरशासमोरच्या एका फरशीला मोठी चीर होती. भावोजींच्या हातून इस्त्री निसटली होती, त्या दिवसाची. पडद्यावर, आरशाच्या अलीकडच्या खोलीत, ती फरशी कोरी होती.

---

सोमवारी दुपारी ती ताईकडे गेली. ताई मशीनवर बसली होती. तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता.

"हे काय?"

"इस्त्री बाजूला होती. दिसली नाही."

"औषध घालतेस का डोळ्यात?"

ताईने पाय जोरात मारला आणि मशीन मोठ्याने चालायला लागलं. फळीवरच्या औषधाच्या बाटलीवर धूळ बसली होती. ताईला काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढला होता आणि कडेकडेने नजर खात मधे येत होता. ऑपरेशनच्या दोन तारखा तिने हुकवल्या होत्या. तिसरी येत्या गुरुवारची. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "गेलेली नजर परत आणता येत नाही. मी फक्त उरलेली वाचवते. उरलीच नाही तर माझ्याकडेही काम उरत नाही."

"दारवाले म्हणतात, शस्त्राने डोळा उघडला की आतली नजर मिटते," ताई म्हणाली. "औषधानेसुद्धा पडदा धरतो. मग हे दिसायचे नाहीत."

"आणि ऑपरेशननंतर महिनाभर तो चष्मा बांधता येत नाही, हे नाही म्हणाले? बुधवारी त्यांचं खास दर्शन आहे. तू त्यांची पहिल्या नंबरची साक्षीदार."

"फूटपट्टी, जीभ आवर." हे नाव भावोजींनी ठेवलेलं होतं; मेहुणी बारीक आणि सारखी मोजत हिंडणारी म्हणून.

"ताई, तो नुसता आरसा आहे गं."

"मग? दारवाले तेच सांगतात. आरसा हेच दार."

"तसं नाही. किरण आरशावरून उडतो, खोलीतल्याच वस्तूवर आपटतो आणि त्याच वाटेने परत येतो. यंत्राला वळण कळत नाही. त्याला वाटतं, आपण सरळ गेलो. म्हणून ते सगळी टिंबं आरशाच्या मागे नेऊन मांडतं. आम्ही मोजायला गेलो की पहिलं काम आरसे झाकायचं. चादर, वर्तमानपत्र, जे हाताला लागेल ते. एकदा सलून मोजताना मी विसरले, तर भिंतीत अकरा खुर्च्या जास्त निघाल्या."

"मग?"

"मग ह्या दारवाल्यानेच त्याचा गेम केला. म्हणाला, पुसू नकोस, लोक भिंतीतून आत जातील, मजा येईल." ती थांबली. "आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो."

ताई हसली नाही. "बरं, खोली आरशातली. धरून चालू. पण खोलीत माणूसच नसेल तर आरशात कुठून येईल?"

"त्या दिवशी इथे कोण होतं?"

"कोण असणार? मी. पण मी दिसते का त्यात? खोली रिकामी आहे. तूच बघितलीस काल."

"तू कुठे उभी होतीस?"

ताईने बोट दाखवलं. चिरेच्या फरशीवर, आरशाकडे तोंड करून. दारवाल्यांनी सांगितलं होतं तसा कामाचा कोट घालून, हात जोडून, यंत्र थांबेपर्यंत न हलता. जाणाऱ्याला आपलं माणूस ओळखू यायला हवं ना.

मोजणीवाली त्या फरशीकडे बघत राहिली. "त्याने तुला पुसलं, ताई. खोलीतली तू पुसली, आणि आरशातली ठेवली. तू उभी होतीस तिथली फरशी बिघडली, म्हणून शेजारची उचलून चिकटवली. चीर लावायला विसरला. तो आधीपासून असाच आहे, कामात पक्का नाही."

"आणि चेहरा? चेहरा का नाही?"

"हललं की पुसट होतं. तू हलली असशील."

"छे." ताई विचारात पडली. "शिंक आली होती," ती हळूच म्हणाली. मग एकदम सावरून बसली. "पण बटणांचं काय? तुला कापडातलं ओ की ठो कळत नाही, फूटपट्टी. मला कळतं. मी असले हजार कोट शिवलेत. तो पुरुषाचाच होता. माझा कसा असेल?"

बटणं कुठल्या बाजूला असतात, हे मोजणीवालीने आयुष्यात बघितलं नव्हतं.

"ये इकडे. दाखवते." ताईने खुंटीवरचा राखाडी कोट काढून अंगात घातला आणि सवयीने आरशाकडे तोंड केलं, गिऱ्हाइकाला काहीही दाखवायचं तर ती आरशातच दाखवत असे. "हे बघ. बायकांचा. बटणं डावीकडे, काजं उजवीकडे. वरून पहिलं. दुसरं. तिसरं..."

तिसऱ्या बटणावर तिची बोटं थांबली.

ती आरशातल्या बाईकडे बघत होती. आरशातल्या बाईच्या अंगात पुरुषाचा कोट होता.

तिने मान वळवून भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग आरशातलं. एक सुलटं, एक उलटं.

"तिथे सगळं उलटं असतं, असं म्हणतो ना तो?" ताईने विचारलं.

"हो."

ताईने एकेक बटण काढलं, कोट खुंटीला लावला आणि मशीनपाशी येऊन बसली. मशीन चालवलं नाही.

"दोन महिने मी सांगत होते, आज काय रांधलं ते," ती म्हणाली. "डोळ्याचं औषध बंद केलं, तेही सांगितलं. काही बोलले नाहीत. मी म्हटलं, रागावले नाहीत, म्हणजे चालतंय."

मोजणीवाली उठली, फळीवरची बाटली पुसली, औषधाची तारीख बघितली आणि झाकण उघडलं. ताईने मान मागे टाकली.

---

बुधवारी ताई खास दर्शनाला गेली. मोजणीवालीने नको म्हणून पाहिलं. "उद्या ऑपरेशन आहे, डोक्याला ताप कशाला?"

"माझ्या तोंडावर विश्वासून माणसं त्या खुर्चीत बसली," ताई म्हणाली. "तोंड अजून माझंच आहे."

हॉल गच्च भरला होता. ताई राखाडी कोट घालून पुढे गेली. खुर्चीत बसली नाही, चष्माही बांधला नाही.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "पलीकडे सगळं उलटं असतं ना?"

"सगळं," दारवाले प्रेमाने म्हणाले. "काळ, लिपी, दिशा."

"घड्याळ उलटं. अक्षरं उलटी. भिंती उलट्या. मग आमच्या ह्यांचा कोट तेवढा सुलटा कसा? पुरुषाचा कोट तिकडे जाऊन उलटला, तर बायकी दिसायला हवा होता."

दारवाल्यांचा हात कडीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. "आत्म्याचं वस्त्र," ते म्हणाले, "उलटत नसतं."

"मग उलटलंय ते कुणाचं, ते दाखवते."

ती कोपऱ्यातल्या त्या न खपलेल्या आरशासमोर जाऊन लोकांकडे तोंड करून उभी राहिली. कोटाची बटणं लावली, हात जोडले. "इकडून मला बघा. बटणं डावीकडे, बाईचा कोट. " ती आरशाकडे वळली. "आता आरशात बघा. पडद्यावर जे दिसत होतं ते हे. मी शिंकले म्हणून तोंड आलं नाही."

कुणीतरी फस्सकन हसलं. मास्तरांनी वही मिटली, मग पुन्हा उघडून आपली निम्मी बाराखडी पाहिली, आणि आरशातल्या 'प्रवेश' या पाटीशी ताडून पाहिली. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

मोजणीवाली या वेळी पुढे आली. "यंत्र खोटं बोलत नाही, हे मीच सांगितलं होतं. पुढचं राहिलं होतं. यंत्राला आरसा कळत नाही. आपल्याला कळतो. म्हणून यंत्र कुठे, कुणी, कशासमोर उभं केलं आणि मागाहून काय पुसलं, ते विचारायचं काम यंत्राचं नाही, आपलं आहे. घरी जा, आरशावर चादर टाका आणि ह्यांना म्हणा, आता मोजा. पलीकडे खरंच कुणी असेल, तर ते चादरीला अडणार नाही."

"दारावर पडदा टाकाल," दारवाले मऊ आवाजात म्हणाले, "तर दार दिसेल कसं?"

आणि निम्म्या माना डोलल्या. मोजणीवालीने त्या मोजल्या नाहीत. तिला गरज वाटली नाही. निम्मी माणसं उठून गेली, काही जण जाताना आरशात आपापली बटणं बघून गेले. उरलेल्यांत न्यायाधीशांच्या पत्नी होत्या.

"झालं असेल तर बाजूला व्हा हो," त्या ताईला म्हणाल्या. "आता आमच्या साहेबांचा नंबर आहे."

---

गुरुवारी ऑपरेशन झालं. उजवा डोळा बराचसा वाचला. डावा, डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, दोन महिन्यांपूर्वी वाचला असता. ताईने दिवसातून किती वेळा औषध, तेवढं लिहून घेतलं.

दारवाल्यांचं दर्शन चालूच होतं. गर्दी थोडी कमी झाली, मग दुसऱ्या भागातून नवी आली. मोजणीवालीने मोजणी खात्याकडे तक्रारअर्ज दिला होता; तो आमच्या खात्याचा विषय नाही, असं त्यावर उत्तर आलं. ती आता जिथे जाई तिथे आधी आरसे झाकत असे, आणि घरमालकांनी विचारलं की कारण सांगत असे, सगळं, सलूनच्या अकरा खुर्च्यांसकट.

दोन महिन्यांनी ताईने दुकान उघडलं. डावीकडचं काही घ्यायचं तर ती आता पूर्ण मान वळवत असे. इस्त्री उजवीकडे आली होती. पहिल्या आठवड्यात न्यायाधीशांच्या पत्नी माप द्यायला आल्या. एवढं होऊनही आल्या, कारण तिच्यासारखा कोट शहरात दुसरं कुणी शिवत नव्हतं. त्या आरशासमोर ताठ उभ्या राहिल्या.

"तुमचं तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "तुमची फसगत झाली, वाईट वाटलं. आमचे साहेब मात्र खरे आहेत. मी त्या दिवशी न्हाणीघरात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. यंत्राचा आवाज मला सोसत नाही. मी बाहेर दिवाणखान्यात होते."

"हात वर करा," ताई म्हणाली. तिने छातीभोवती टेप फिरवला. "साहेबांच्या हातात हातोडा आहे ना?"

"न्यायाचा."

"लाकडी?"

"चकाकतो. लोखंडी असावा." बाई जराशा थांबल्या. "टोकाला तोंड आहे त्याला. उघडं."

ताई खाली वाकून कमरेचं माप घेत होती. मान पूर्ण डावीकडे वळवून तिने आकडा वाचला.

"आणि त्या दिवशी नळ गळत होता का?"

बाई आरशात बघत राहिल्या. आरशात त्यांचे दोन्ही हात अजून वर होते.

"प्लंबर आला होता," त्या म्हणाल्या.